ऊतींमधील विकर आणि नायट्राइटची विषबाधा : प्रयोगशाळेतील कामाचा अनुभव

नायट्राइटमुळे जनावर का दगावते, याचे उत्तर पशुवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात दोन-तीन ओळींत दिलेले असते आणि ते बरोबरही असते. रक्तातील हिमोग्लोबिनच्या रेणूत जे लोह असते, त्याचे नायट्राइटमुळे ऑक्सिडीकरण होते, त्यातून मेटहिमोग्लोबिन नावाचे प्राणवायू वाहून न नेणारे द्रव्य तयार होते आणि फुप्फुसे शाबूत असूनही जनावर प्राणवायूवाचून गुदमरते. परंतु मेलेल्या किंवा आजारी जनावराच्या यकृताचा, मूत्रपिंडाचा, हृदयस्नायूचा तुकडा हाताळून त्यातील विकरांची क्रियाशीलता मोजण्याचे काम ज्यांच्याकडे येते, त्यांना काही काळाने असे दिसू लागते की या विषबाधेतील बहुतेक टप्पे विकरांच्या वेगावर अवलंबून असतात आणि तरीही मोजलेल्या विकराचा आकडा स्वतःहून फारच थोडे सांगतो. विकर म्हणजे एन्झाइम, अर्थात पेशीतील रासायनिक क्रियांना गती देणारे प्रथिन. आणि त्याची क्रियाशीलता म्हणजे ठरावीक तापमानाला, ठरावीक वेळात ते किती द्रव्याचे रूपांतर घडवून आणते याचे माप. अमुक इतके प्रथिन ऊतीत आहे, एवढेच या मापातून कळत नाही. ते त्या क्षणी काम करू शकते का, हेही त्यात येते, आणि ही दुसरी बाब फार नाजूक असते.

गोष्टीची सुरुवात जनावरापासून न करता पिकापासून करणे अधिक योग्य ठरते. ज्वारी, मका, बाजरी, ओट यांसारखी चाऱ्याची पिके जमिनीतून नत्र मुख्यतः नायट्रेटच्या रूपात घेतात आणि पानांतील नायट्रेट रिडक्टेज हे विकर सूर्यप्रकाशातून मिळालेल्या ऊर्जेच्या आधाराने त्याचे पुढे प्रथिनांकडे जाणारे रूपांतर सुरू करते. पाऊस खेचला, पीक सुकत गेले, आभाळ दिवसेंदिवस झाकोळलेले राहिले किंवा युरियाचा हात सढळ पडला, की मुळांनी ओढलेले नायट्रेट आणि पानांनी वापरलेले नायट्रेट यांचा मेळ बसत नाही, ते ताटाच्या बुडाकडील भागात साठते आणि मधल्या सरीनंतर पीक एकदम तरारले तरी हा साठा काही दिवस तसाच राहतो. साधारणपणे कोरड्या चाऱ्यात नायट्रेटचे प्रमाण १ टक्क्याच्या वर गेले, तर तो चारा धोक्याचा समजला जातो. दुष्काळी तालुक्यांतील शेतकरी अशा वेळी वाळत चाललेले पीक दाण्याची आशा सोडून वैरण म्हणून कापतो, आणि नेमकी तीच वेळ सर्वांत वाईट असते.

पुढचा टप्पा रोमंथी जनावराच्या पोटातला. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या पहिल्या कप्प्यातील सूक्ष्मजीव नायट्रेटचे नायट्राइट आणि नायट्राइटचा अमोनिया करतात. दोन्ही कामे विकरांचीच. नायट्रेट बेताचे असेल तर ही साखळी बिनबोभाट चालते, इतकेच काय, त्या नत्राचा जनावराला उपयोगही होतो. परंतु नायट्रेट एकदम जास्त आले, तर पहिली पायरी वेगाने आणि दुसरी संथपणे चालत असल्यामुळे मधले द्रव्य, म्हणजे नायट्राइट, साठून रक्तात उतरते. उपाशी जनावर अधाशीपणे खाते म्हणून ते लवकर दगावते आणि ज्याच्या आहारात धान्य किंवा भरडा असतो, त्याच्या पोटातील सूक्ष्मजीवांना नायट्राइट पुढे ढकलण्यासाठी लागणारी ऊर्जा मिळत असल्याने ते बहुधा तगते, हा भेद शेतावरच्या डॉक्टरांच्या पाहण्यात वारंवार येतो. डुकराच्या बाबतीत उलटा प्रकार आहे. त्याच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट करणारी अशी व्यवस्था नसल्याने नायट्रेट त्याला फारसे बाधत नाही, मात्र शिजवून तसाच ठेवलेला भाजीपाला, ज्यात जिवाणूंनी आधीच नायट्राइट तयार केलेले असते, त्याला झटकन मारतो.

ही समज एका दमात आलेली नाही. मक्याची ताटे खाऊन गुरे मरतात आणि त्या ताटांत पोटॅशियम नायट्रेट, म्हणजेच सोरा, असतो, असे अमेरिकेतील कॅन्सस येथे मेयो यांनी १८९५ मध्ये नोंदवले. खरे विष नायट्रेट नसून त्यापासून झालेले नायट्राइट आहे, ही गोष्ट मात्र १९३० च्या दशकात स्पष्ट झाली. दक्षिण आफ्रिकेत रिमिंग्टन आणि क्विन यांनी ज्या वनस्पतींच्या प्रजातीवर हे काम केले, ती आपल्याकडे सराटा किंवा गोखरू म्हणून माळरानावर पायात रुतणाऱ्या काट्यांची प्रजाती होय. त्यानंतर काही वर्षांतच वायोमिंगमधील ओटच्या वाळल्या चाऱ्याच्या विषबाधेचा उलगडा मेटहिमोग्लोबिनच्या आधारे झाला आणि मेथिलिन ब्लू हे त्यावरचे औषध म्हणून वापरात आले.

रक्तात उतरलेल्या नायट्राइटची हिमोग्लोबिनशी होणारी क्रिया प्रयोगशाळेत परीक्षानळीत पाहण्यासारखी असते. सुरुवातीची काही मिनिटे जवळजवळ काहीच घडत नाही, रक्ताचे द्रावण लाल राहते, आणि मग अचानक रंग तपकिरीकडे धावू लागतो, कारण या क्रियेत तयार होणारी मधली द्रव्ये, त्यांत हायड्रोजन पेरॉक्साइडही आले, तीच क्रिया आणखी भडकवतात. तांबड्या पेशीतील कॅटॅलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही विकरे पेरॉक्साइड नष्ट करीत असल्यामुळे त्यांच्या उपस्थितीत हा शांत काळ लांबतो. निरोगी जनावराच्या रक्तात मेटहिमोग्लोबिन सुमारे १ टक्का असते. ३० ते ४० टक्क्यांवर गेले की श्वास वाढणे, हिरड्या काळपट निळ्या पडणे, झोकांड्या जाणे अशी लक्षणे दिसतात आणि ८० टक्क्यांच्या आसपास मृत्यू येतो. गाभण जनावर यातून वाचले तरी पुढील काही दिवसांत गाभडण्याची शक्यता राहते.

मेटहिमोग्लोबिन परत हिमोग्लोबिनमध्ये वळवण्याचे काम तांबड्या पेशीत सतत चालू असते आणि त्याचा जवळजवळ सगळा भार सायटोक्रोम बी-५ रिडक्टेज या एकाच विकरावर असतो. त्याला लागणारी इलेक्ट्रॉनांची रसद ग्लुकोजच्या विघटनातून मिळते. याशिवाय पेशीत एक दुसरी, एरवी जवळजवळ निजलेली वाट असते, आणि मेथिलिन ब्लू ती जागी करते : ते स्वतः इलेक्ट्रॉन घेऊन रंगहीन होते आणि ते इलेक्ट्रॉन मेटहिमोग्लोबिनला देऊन टाकते. औषध इथे हमालाचे काम करते, माल मात्र पेशीतील विकरांनीच पुरवावा लागतो. म्हणूनच ते अति दिले तर उलट स्वतःच हिमोग्लोबिनचे ऑक्सिडीकरण करू लागते. जातीजातींमधील फरकही इथेच येतो. डुक्कर आणि घोडा यांच्या तांबड्या पेशींत ही उलट क्रिया माणसापेक्षा संथ चालते, तर ससा, उंदीर यांच्यात ती वेगवान असते. विकरांवरील बहुतांश प्रयोग उंदरांवर होतात आणि निष्कर्ष गाईगुरांसाठी वापरले जातात, ही या विषयातील जुनी आणि सहसा न बोलली जाणारी अडचण आहे. नायट्राइटच्या प्रयोगांत ती दुहेरी होते : उंदराचे रक्त लवकर सावरते आणि त्याच्या पोटात रोमंथी जनावराचा पहिला कप्पाच नसतो.

प्रत्यक्ष मोजमापाकडे वळल्यावर पहिला धडा मिळतो तो वेळेचा. रक्ताचा नमुना घेऊन नळी टेबलावर ठेवली, तर त्यातील तांबड्या पेशी जिवंत असल्याने आपले काम करीतच राहतात आणि दोन-चार तासांत मेटहिमोग्लोबिनचे प्रमाण घसरते. सकाळी तालुक्याच्या दवाखान्यात चॉकलेटी दिसलेले रक्त संध्याकाळी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत संशयास्पदही वाटत नाही. त्यावरचा उपाय साधा आहे : ६.६ सामू असलेल्या फॉस्फेट बफरमध्ये रक्त वीसपट सौम्य करून पाठवायचे, म्हणजे पेशी फुटतात, विकरांची रसद तुटते आणि मेटहिमोग्लोबिन आहे तिथेच थांबते. मग एव्हलिन आणि मॅलॉय यांनी १९३८ मध्ये दिलेल्या पद्धतीने ६३० ते ६३५ नॅनोमीटर या तरंगलांबीला प्रकाश किती शोषला जातो ते पाहायचे, सायनाइड घालून तो शोषणाचा उंचवटा नाहीसा होतो याची खात्री करायची आणि फरकावरून टक्केवारी काढायची. नायट्राइट शोधण्यासाठी वापरली जाणारी गुलाबी रंगाची चाचणी त्याहून जुनी, १८७९ सालची. ती देणारे पीटर ग्रीस हे इंग्लंडमधील एका बिअरच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. इतकी जुनी चाचणी आजही जवळपास त्याच तत्त्वावर रोज चालते, हे रसायनशास्त्राच्या इतिहासात दुर्मीळच म्हणावे लागेल. मृत जनावराच्या बाबतीत रक्तापेक्षा डोळ्यातील पाणी अधिक भरवशाचे ठरते, कारण डोळ्याचा गोल बंदिस्त असल्याने तेथे जिवाणूंचा शिरकाव उशिरा होतो आणि नायट्रेट बराच काळ टिकते.

ऊतींची गोष्ट याहून अवघड. गावाकडून येणारे यकृताचे तुकडे पुष्कळदा फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेले असतात, कारण शवविच्छेदन म्हटले की फॉर्मॅलिनची बाटली ही सवय हाडीमासी खिळलेली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी ते उत्तमच, पण फॉर्मॅलिन प्रथिनांना जखडून टाकत असल्याने अशा तुकड्यात विकरांची क्रियाशीलता मोजण्याला काही अर्थ उरत नाही. विकरांसाठी तुकडा बर्फावर हवा, तोही मृत्यूनंतर शक्य तितक्या लवकर, आणि लांबचा प्रवास असेल तर द्रवरूप नत्रात गोठवलेला. राज्यातील पशुवैद्यकीय दवाखान्यांत कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवण्यासाठी द्रवरूप नत्राची पिंपे असतात. त्यांचा असा उपयोग करावा, ही कल्पना मात्र क्वचितच कुणाला सुचते. प्रयोगशाळेत आणल्यावर तुकडा थंड मिठाच्या पाण्याने धुऊन, थंड बफरमध्ये वाटून, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून वरचे निवळ द्रव घेतले जाते. हे धुणे वाटते तितके क्षुल्लक नाही. तांबड्या पेशींत कॅटॅलेज आणि लॅक्टेट डिहायड्रोजिनेज भरपूर असतात, त्यामुळे यकृतात रक्त साकळून राहिले असेल तर जो आकडा यकृताचा म्हणून लिहिला जातो, त्यातला बराच भाग रक्ताचा असू शकतो. आणि नायट्राइटने मेलेल्या जनावराच्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या असल्यामुळे अवयवांत रक्त तुंबणे हे तर या विषबाधेचे नेहमीचेच लक्षण होय. प्रयोगातील उंदरांच्या बाबतीत म्हणूनच यकृत काढण्यापूर्वी त्यातून मिठाचे पाणी सोडून रक्त वाहून जाऊ देतात.

यानंतर भागाकाराचा प्रश्न येतो, आणि शोधनिबंध वाचताना बहुतेकांचे दुर्लक्ष होते ते नेमके इथेच. विकराची क्रियाशीलता दर ग्रॅम ओल्या ऊतीमागे सांगायची की दर मिलिग्रॅम प्रथिनामागे? ऊतीला सूज येऊन तिच्यात पाणी भरले असेल, तर पहिल्या पद्धतीने विकर घटल्यासारखे दिसते. पेशी मरून इतर प्रथिने कमी झाली असतील, तर दुसऱ्या पद्धतीने तेच विकर वाढल्यासारखे दिसते. प्रथिने मोजण्यासाठी लॉरी यांची १९५१ ची पद्धत वापरली की ब्रॅडफर्ड यांची १९७६ ची, यानेही आकडा हलतो. परस्परविरुद्ध निष्कर्षांचे बरेचसे ढीग या एका ओळीतल्या निवडीतून उभे राहिले आहेत, असे या क्षेत्रात काम केलेल्या माणसाला म्हणावेसे वाटते.

मग ऊतींमधील विकरांचे प्रत्यक्षात काय होते? तीव्र विषबाधेत, जिथे जनावर काही तासांत मरते, तिथे यकृतातील बहुतेक विकरांना बदलायला अवधीच मिळत नाही. त्यांत जे काही आढळते ते मुख्यतः प्राणवायूच्या अभावाचे ठसे असतात, विषाचे नव्हेत. पेशीला प्राणवायू मिळेनासा झाला की ती ग्लुकोज अर्धवट जाळून लॅक्टिक आम्ल करते, त्यामुळे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज या विकराकडे अभ्यासकांचे लक्ष जाते. पेशीचे आवरण फाटले की यकृतातील एएलटी आणि एएसटी ही विकरे रक्तात गळतात, आणि म्हणून रक्तद्रवात त्यांचा आकडा वाढलेला असताना ऊतीत तो घटलेला असू शकतो. एकाच घटनेच्या या दोन बाजू आहेत हे ध्यानात न घेतल्यास दोन वेगळे परिणाम असल्यासारखे लिहिले जाते. रक्त घेताना ते फुटले असेल, तर एएसटी आणि लॅक्टेट डिहायड्रोजिनेज तांबड्या पेशींतूनच बाहेर येतात आणि यकृताला नसलेला दोष लागतो.

नायट्राइटचा थेट परिणाम शोधायचा असेल, तर नजर लोह असलेल्या विकरांकडे न्यावी लागते. कॅटॅलेजच्या रेणूत हिमोग्लोबिनप्रमाणेच लोहधारी हीम असते आणि नायट्राइट त्याला जखडू शकते. कमी प्राणवायूच्या स्थितीत हिमोग्लोबिन आणि झँथिन ऑक्सिडोरिडक्टेज यांच्यासारखी प्रथिने नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करतात. रक्तवाहिन्या सैल करणारा हाच तो रेणू, ज्याच्या कार्याचा शोध लावल्याबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा वायू पेशीतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवर, म्हणजे प्राणवायूचा शेवटचा वापर जिथे होतो त्या विकरावर, प्राणवायूशी स्पर्धा करून बसतो. म्हणजे आधीच कमी पोहोचलेला प्राणवायू वापरण्यातही अडथळा येतो. हृदयस्नायू आणि मेंदू यांसारख्या प्राणवायूच्या भुकेल्या ऊतींत याचे महत्त्व अधिक असणार हे उघड आहे.

दीर्घकाळ थोडे थोडे नायट्राइट मिळत राहिल्यावर चित्र निराळे दिसते. अशा वेळी ऑक्सिडीकारक ताण, म्हणजे पेशीत तयार होणाऱ्या आक्रमक ऑक्सिजन-रेणूंचा त्यांना आवर घालणाऱ्या यंत्रणेवर पडणारा भार, मोजला जातो आणि त्यासाठी सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटॅलेज व ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही तीन विकरे ठरलेलीच असतात. सौम्य मात्रेत ती वाढू शकतात, कारण पेशी संरक्षणाची तयारी वाढवते. जड मात्रेत घटू शकतात, कारण संरक्षकच जायबंदी होतात. आणि मधल्या एखाद्या मात्रेला किंवा एखाद्या दिवशी ती अगदी सामान्य दिसू शकतात. एका दिवशी, एका मात्रेला घेतलेल्या नमुन्यावरून 'नायट्राइटमुळे कॅटॅलेज वाढते' किंवा 'घटते' असे विधान करणे म्हणूनच धाडसाचे ठरते. त्यात आणखी एक बारकावा आहे. उंदरांना पिण्याच्या पाण्यातून नायट्राइट दिले, तर हे प्राणी रात्री जागे राहून पाणी पितात, त्यांचे मेटहिमोग्लोबिन रात्री चढते आणि सकाळी कर्मचारी हजर होईपर्यंत बरेच ओसरलेले असते. कार्यालयीन वेळेत घेतलेला नमुना प्राण्याच्या दिवसाचा नव्हे, माणसाच्या दिवसाचा असतो.

व्यवहारात सर्वांत मोठी अडचण मात्र ज्वारीने उभी केली आहे. कोवळ्या किंवा पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीत नायट्रेटबरोबरच सायनाइड निर्माण करणारे धुरीन हे द्रव्यही असते आणि त्यातून होणाऱ्या विषबाधेला ग्रामीण भागात किराळ लागणे म्हणतात. सायनाइड सायटोक्रोम ऑक्सिडेज बंद पाडते, त्यामुळे रक्तात प्राणवायू भरपूर असूनही ऊती तो वापरू शकत नाहीत आणि रक्त सुरुवातीला चेरीसारखे उजळ लाल दिसते. नायट्राइटच्या विषबाधेत रक्त तपकिरी होते. आता यातील विरोधाभास असा की सायनाइडवरचा जुना, १९३० च्या दशकापासून चालत आलेला उपचार सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट हाच आहे : नायट्राइट मुद्दाम थोडे मेटहिमोग्लोबिन तयार करते, ते सायनाइडला आपल्याकडे ओढून विकराची सुटका करते आणि मग थायोसल्फेटच्या मदतीने ऱ्होडेनेज नावाचे विकर सायनाइडचे निरुपद्रवी थायोसायनेट करते. दोन्ही जनावरे ज्वारी खाऊनच पडलेली, दोन्ही धापा टाकणारी; पण तपकिरी रक्ताच्या जनावराला किराळ समजून नायट्राइट टोचले, तर ते वाचवण्याऐवजी मारले जाते. त्यामुळे सुई उचलण्यापूर्वी पांढऱ्या कापसावर किंवा गाळणकागदावर रक्ताचा थेंब टाकून रंग पाहणे आणि शक्य असल्यास ताटाचे बूड उभे चिरून त्यावर तीव्र गंधकाम्लातील डायफिनायलअमिनचा थेंब टाकून गडद निळा रंग तत्काळ उमटतो का हे पाहणे, या दोन गोष्टी कोणत्याही महागड्या विकर-चाचणीपेक्षा गोठ्यात अधिक उपयोगाच्या असतात. गंधकाम्ल त्वचा जाळणारे असल्याने ही दुसरी चाचणी डॉक्टरानेच करावी.

ऊतींमधील विकरांच्या मापनाची जागा त्यानंतरची आहे. कोणत्या मात्रेला कोणती ऊती आधी बिघडते, वाचलेले जनावर पूर्ववत झाले का, पाण्यातून किंवा चाऱ्यातून रोज थोडे नायट्रेट मिळणाऱ्या कळपात काही छुपे नुकसान होत आहे का, अशा प्रश्नांना ही मापे खरोखर उत्तरे देऊ शकतात. विषबाधा झाली की नाही, हे ठरवण्याचे काम त्यांच्यावर सोपवले, तर ती हमखास फसवतात. आपल्या विहिरींतील नायट्रेट पाहता, ज्याची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा भारतीय मानकाने दर लिटरला ४५ मिलिग्रॅम ठरवली आहे, छुप्या नुकसानीचा प्रश्न माणसांइतकाच गुरांसाठीही विचारला जायला हवा. त्यासाठी नमुना पाठवणाऱ्या प्रत्येक पशुवैद्यकाने जनावराची जात, शेवटचा चारा खाल्ल्याची वेळ, मृत्यूची वेळ आणि तुकडा बर्फावर ठेवल्याची वेळ या चार गोष्टी चिठ्ठीवर लिहाव्यात आणि प्रयोगशाळांनी त्या अहवालात विकराच्या आकड्याशेजारीच छापाव्यात.